मांतुआच्या चित्रांचा सौदा

१६२७ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनचा सावकार फिलिप बुर्लामाकी मोठ्या पेचात सापडला. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या परदेशातल्या रकमा फिरवण्याचे काम त्याच्याकडे होते. राजाचा लाडका सरदार, ड्यूक ऑफ बकिंगहॅम, त्या वेळी फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या रे बेटावर एका किल्ल्याला वेढा घालून बसला होता. सैन्याजवळची शिधासामग्री संपत आली होती आणि रसदेसाठी पैसा हवा होता. नेमक्या त्याच वेळी व्हेनिसहून पंधरा हजार पौंडांची मागणी येऊन थडकली. ही रक्कम मांतुआ नावाच्या एका छोट्या इटालियन राज्यातली चित्रे घेतल्याबद्दल द्यायची होती. बुर्लामाकीने राजाचा विश्वासू दरबारी एन्डिमियन पोर्टर याला कळवले की, दोन-तीन हजारांचा प्रश्न असता तर कसेही निभावले असते, पण पंधरा हजार द्यायचे झाले तर ड्यूकच्या मदतीसाठी आपल्या हातून काहीच होणार नाही. राजाने सौदा मोडला नाही. नोव्हेंबरात बकिंगहॅम हार खाऊन परतला.

ही चित्रे जमायला पावणेदोनशे वर्षे लागली होती. ती विकली गेली दोन-तीन वर्षांत. दोन्ही वेळी ज्यांनी खरे काम केले ते राजे किंवा चित्रकार नव्हते. वकील, व्यापारी, साधू, वादक, कारभारी अशी मधली माणसे ते काम करत होती. इटलीतल्या कलेच्या वैभवाचा इतिहास आश्रयदात्यांच्या नावाने लिहिला जातो. मांतुआची कथा मात्र या मध्यस्थांना वगळून सांगताच येत नाही.

मांतुआ हे मिंचो नदीच्या तळ्यांनी तीन बाजूंनी वेढलेले शहर. १३२८ मध्ये गोन्झागा घराण्याने प्रतिस्पर्ध्यांना हुसकून तिथली सत्ता बळकावली. एका बाजूला मिलान, दुसऱ्या बाजूला व्हेनिस, दोन्ही बलाढ्य. अशा जागी टिकायचे तर तलवार आणि प्रतिष्ठा दोन्ही लागत. गोन्झागा पुरुष पैसे घेऊन कधी व्हेनिसच्या, कधी मिलानच्या फौजांचे सेनापतिपद करत आणि मिळालेला पैसा दरबाराच्या शोभेवर खर्च करत. लुदोविको गोन्झागाने आंद्रेया मान्तेन्या या चित्रकाराला महिना १५ डुकाट पगार, राहायला घर, सहा माणसांना पुरेल इतके धान्य आणि जळण देऊ केले. १४६० मध्ये मान्तेन्या मांतुआला आला आणि १५०६ मध्ये मरेपर्यंत गोन्झागांच्याच चाकरीत राहिला. राजवाड्यातल्या एका खोलीच्या भिंतींवर त्याने सगळे राजकुटुंब रंगवले. ते काम १४७४ मध्ये पुरे झाले. पुढे ज्युलियस सीझरच्या विजययात्रेची नऊ प्रचंड चित्रे त्याने कापडावर रंगवली. मांतुआचे नाव युरोपभर झाले ते या चित्रांमुळे.

पण पगारी चित्रकार एखादाच ठेवता येतो. बाकीच्यांची कामे हवी असतील तर ती बाहेरून मिळवावी लागत. या बाबतीत इझाबेला देस्ते हिच्याइतका चिवटपणा कोणी दाखवला नाही. फेर्रारा इथल्या राजघराण्यातली ही मुलगी १४९० मध्ये फ्रान्चेस्को गोन्झागाशी लग्न करून मांतुआत आली. स्वतःच्या खासगी दालनासाठी तिला त्या काळच्या प्रत्येक नामांकित चित्रकाराचे एक तरी चित्र हवे होते. तिच्याकडे पैसा बेताचाच होता आणि ती स्वतः मांतुआत बसलेली. म्हणून तिने गावोगावी माणसे नेमली. व्हेनिसमध्ये वाद्ये बनवणारा लोरेन्झो दा पाविया तिच्यासाठी चित्रे, प्राचीन वस्तू, काचसामान शोधी. फ्लॉरेन्समध्ये फ्रान्चेस्को मालातेस्ता तिच्या वतीने बोलणी करी.

या माणसांचे काम केवळ खरेदीचे नव्हते. चित्रकाराचा स्वभाव कसा, त्याच्या हातात सध्या कोणते काम आहे, त्याला उसनवारीची गरज आहे का, ही सगळी टेहळणी त्यांनी करायची. वस्तू अस्सल आहे की नक्कल, हे पारखायचे. गिऱ्हाईक राजघराण्यातले आहे असे कळताच किंमत चढते, म्हणून नाव शक्यतो गुलदस्त्यात ठेवायचे. बयाणा द्यायचा, तगादा लावायचा, माल नीट बांधून जकातनाके पार करून पोचवायचा. या कामाचा मोबदला रोकड दलालीतच मिळे असे नाही. कोणाला मुलासाठी नोकरी हवी असे, कोणाला दरबारात एखाद्या खटल्यात शब्द टाकून हवा असे. मर्जी हेच चलन होते.

हे चलन सगळीकडे चालत नसे. १५०१ मध्ये इझाबेलाने फ्लॉरेन्समधल्या कार्मेलाइट पंथाच्या फ्रा पिएत्रो या साधूला लिओनार्दो दा विंचीकडे पाठवले. लिओनार्दोने मांतुआत मुक्काम असताना तिचे एक रेखाचित्र काढले होते. आता तिला त्यावरून रंगवलेले चित्र हवे होते. साधूने उत्तर धाडले की, हा माणूस भूमितीत बुडाला आहे, कुंचल्याचा त्याला कंटाळा आला आहे. ते चित्र तिला कधीच मिळाले नाही. व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लिनीने २५ डुकाट बयाणा घेऊन इतकी वर्षे टोलवाटोलव केली की पैसे परत घेण्यासाठी तिने कोर्टाची धमकी दिली. शेवटी १५०४ मध्ये, तिने सुचवलेला विषय बाजूला ठेवून, त्याने स्वतःला रुचेल असे चित्र दिले. पेरुजिनोशी तिने १५०३ मध्ये १०० डुकाटांचा करार केला. त्यात कोणती देवता कुठे उभी राहील इथपर्यंत तपशील होता. आकृत्या कमी केल्या तर चालतील, पण स्वतःच्या मनाने काही घालायचे नाही, अशी अट होती. दोन वर्षांनी चित्र आले तेव्हा, हे तैलरंगात असते तर बरे झाले असते, असे तिने कळवले. १५१० च्या ऑक्टोबरात जॉर्जोने हा चित्रकार वारल्याचे कानावर येताच त्याचे एक रात्रीचे दृश्य मिळते का, अशी विचारणा तिने व्हेनिसमधल्या तादेओ अल्बानोकडे केली. त्याचे उत्तर आले: जॉर्जोने प्लेगने गेला हे खरे, अशी दोन चित्रे आहेतही, पण मालक ती कोणत्याही किमतीला विकणार नाहीत.

अपयशाच्या या पत्रव्यवहारातूनच एक जाळे विणले गेले आणि पुढच्या पिढ्यांना ते आयते मिळाले. इझाबेलाचा मुलगा फेदेरिको याला वास्तुकार आणि चित्रकार हवा होता. रोममधला मांतुआचा वकील बाल्दास्सारे कास्तिल्योने हा राफाएलचा मित्र होता. त्याने १५२४ मध्ये राफाएलचा पट्टशिष्य जुलिओ रोमानो याला मांतुआला आणले. शहराबाहेरचा पालाझ्झो ते हा विलासी महाल जुलिओने उभारला आणि त्याच्या एका दालनात कोसळणाऱ्या डोंगरांखाली चिरडले जाणारे राक्षस भिंतभर रंगवले. तिशियनने फेदेरिकोसाठी अकरा रोमन सम्राटांची चित्रे केली. कोर्रेज्जोची चित्रेही मांतुआत आली.

या परंपरेचा शेवटचा मोठा खर्चिक पुरुष म्हणजे व्हिन्चेन्झो. १५८७ पासून १६१२ पर्यंत तो ड्यूक होता. त्याच्या पदरी पीटर पॉल रूबेन्स हा तरुण फ्लेमिश चित्रकार आणि क्लाउदिओ मोन्तेवेर्दी हा संगीतकार होता. १६०७ हे साल या दरबाराच्या वैभवाचा कळस म्हणता येईल. फेब्रुवारीत मोन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा मांतुआत झाला. त्याचे काव्य आलेस्सांद्रो स्त्रिज्जो या दरबारी कारभाऱ्याने लिहिले होते. त्याच वसंतात रोममधून एक खरेदी झाली. काराव्हाज्जोने एका चर्चसाठी मेरीच्या मृत्यूचे चित्र काढले होते. सुजलेल्या देहाची, साध्या बाईसारखी दिसणारी मेरी तिथल्या साधूंना रुचली नाही आणि त्यांनी ते नाकारले. रोममध्ये असलेल्या रूबेन्सने ते घ्यावे अशी शिफारस केली, तिथल्या मांतुआच्या वकिलाने व्यवहार पुरा केला. ही बातमी पसरताच रोमच्या चित्रकारांनी आग्रह धरला, म्हणून चित्र रवाना होण्यापूर्वी आठवडाभर लोकांना पाहायला ठेवावे लागले.

व्हिन्चेन्झोच्या मागे राहिले ते वैभव आणि कर्ज. तुर्कांविरुद्ध हंगेरीत त्याने तीनदा मोहीम काढली होती. जुगार, नाटके, लग्नसमारंभ यांचा खर्च निराळाच. तो गेल्यावर मॉन्फेराटो या गोन्झागांच्या दुसऱ्या प्रांतासाठी सव्हॉयच्या ड्यूकने लढाई उकरून काढली. रेशीम आणि लोकरीच्या धंद्याला ओहोटी लागली होती. व्हिन्चेन्झोचा थोरला मुलगा वर्षाच्या आत वारला. दुसरा, फेर्दिनान्दो, कार्डिनलपद सोडून गादीवर बसला आणि १६२६ मध्ये वैध वारस न ठेवता मेला. तिसरा मुलगा, म्हणजे दुसरा व्हिन्चेन्झो, आजारी आणि त्यालाही वैध वारस नव्हता. सुमारे दोन हजार चित्रांचा साठा आणि रिकामी तिजोरी, असा हा वारसा होता.

इकडे इंग्लंडमध्ये चित्रांची भूक नुकती जागी झाली होती. १६२३ मध्ये युवराज असताना चार्ल्स लग्नाच्या बोलणीसाठी माद्रिदला गेला. लग्न जमले नाही. स्पॅनिश राजाच्या महालातली तिशियनची चित्रे मात्र त्याच्या डोळ्यांत भरली. १६२५ मध्ये गादीवर येताच त्याने निकोलस लनिअर याला इटलीला पाठवले. लनिअर हा राजाच्या संगीतकारांचा प्रमुख, स्वतः उत्तम गायक आणि वादक. एखादा वादक दरबारादरबारांतून फिरला तर कोणी संशय घेत नाही, आणि लनिअरला चित्रांची पारखही होती.

व्हेनिसमध्ये त्याची गाठ दानिएल नैसशी पडली. मूळचा वेझेल गावचा हा फ्लेमिश व्यापारी बरीच वर्षे व्हेनिसमध्ये स्थिरावला होता. इंग्रज वकिलांना आणि सरदारांना चित्रे, पुतळे मिळवून देण्यात त्याचा हातखंडा होता. दलाल, सावकार, संग्राहक अशी तिन्ही सोंगे तो एकाच वेळी वठवी. मांतुआच्या बाजूने त्याच्यासमोर बोलणीला बसला तो आलेस्सांद्रो स्त्रिज्जो. वीस वर्षांपूर्वी ‘ऑर्फेओ’ लिहिणारा हा माणूस आता राज्याचा मुख्य कारभारी झाला होता. ज्या दरबाराच्या थाटाला त्याने शब्द पुरवले होते, त्याच दरबाराचा ऐवज मोजून देण्याची वेळ त्याच्यावर आली.

१६२७ च्या उत्तरार्धात सौदा ठरला. राफाएल, तिशियन, कोर्रेज्जो, काराव्हाज्जो अशांची चित्रे गुपचूप मांतुआबाहेर गेली. ही गोष्ट फुटली तेव्हा गावात मोठी ओरड झाली. नैसने पुढे पोर्टरला लिहिले की, चित्रे परत मिळत असती तर ड्यूकने दुप्पट पैसे मोजले असते आणि प्रजेने ते आनंदाने उभे करून दिले असते. दलाल आपल्या मालाची किंमत वाढवून सांगतोच, हे लक्षात ठेवूनही या ओरडीवर विश्वास ठेवता येतो. कारण तिकडे अँटवर्पमध्ये बसलेल्या रूबेन्सनेही एका पत्रात या विक्रीबद्दल तीव्र खंत व्यक्त केली. १६२७ च्या नाताळच्या दिवशी दुसरा व्हिन्चेन्झो मरण पावला आणि गोन्झागांची थोरली पाती संपली.

गादी आता फ्रान्समध्ये वाढलेल्या शार्ल ऑफ नेव्हेर या भाऊबंदाकडे गेली. उत्तर इटलीत फ्रान्सचा माणूस बसणे स्पेनला आणि पवित्र रोमन सम्राटाला परवडणारे नव्हते. युद्ध अटळ झाले. पहिल्या सौद्यात मान्तेन्याची नऊ चित्रे नव्हती. ती विकायला मांतुआची तयारी नव्हती. पण नव्या ड्यूकला सैन्य उभे करायचे होते. नैसने ही अडचण हेरली. सर्वांत सुंदर ऐवज मागे ठेवून आलास, असे लोक आपल्याला म्हणतात, असे सांगत त्याने इंग्लंडकडून पक्का होकार येण्यापूर्वीच स्वतःची पत पणाला लावून नऊही चित्रे आणि पुष्कळसे पुतळे उचलले. या दुसऱ्या खरेदीचा भार राजावर दहा हजार पौंडांहून अधिक पडला.

पहिल्या खेपेचा माल १६२८ च्या वसंतात ‘मार्गारेट’ नावाच्या जहाजावर चढला. कोर्रेज्जोची दोन नाजूक चित्रे आणि राफाएलचे एक, अशी निवडक चित्रे लनिअरने स्वतःबरोबर खुष्कीच्या मार्गाने नेली. बाकीच्या चित्रांच्या शेजारी जहाजाच्या तळात मनुका आणि पारा भरलेला होता. वाटेत पारा सांडला, त्याच्या वाफेने कित्येक चित्रे काळवंडली. लंडनमध्ये लनिअरचा नातलग जेरोम याने ती साफ करायला आधी लाळ आणि मग कोमट दूध वापरून पाहिले, अशी हकिगत रिचर्ड सिमंड्झ या समकालीनाने टिपून ठेवली आहे. तिशियनचे सम्राट व्हिटेलियसचे चित्र तर इतके बिघडले की त्याच्या जागी चित्रकार अँथनी व्हॅन डाइककडून नवे करून घ्यावे लागले.

मांतुआचे पुढचे हाल याहून भयंकर होते. १६२९ मध्ये सम्राटाच्या फौजा आल्प्स ओलांडून आल्या आणि त्यांच्याबरोबर प्लेगही पसरला. मदत मागायला स्त्रिज्जो व्हेनिसला गेला आणि १६३० मध्ये तिथेच प्लेगने मेला. १८ जुलै १६३० रोजी मांतुआ पडले. सैनिकांनी राजवाडा धुऊन नेला. उरलेली चित्रे, पुतळे, दुर्मीळ वस्तू आणि घराण्याचा प्रसिद्ध ग्रंथसंग्रह लुटला गेला, विखुरला गेला.

नैसलाही या सौद्याने बुडवले. राजाकडून पैसे वेळेवर येईनात, व्हेनिसमधले धनको थांबायला तयार नाहीत. १६३१ च्या सुमारास त्याचे दिवाळे निघाले. मालमत्तेवर जप्ती आली तेव्हा राजाच्या वाट्याची काही चित्रे आणि मूर्ती त्याने दडवून ठेवल्याचे उघडकीस आले. पुढे तो लंडनला गेला आणि १६४७ मध्ये तिथेच वारला.

दोन वर्षांनी त्याच्या गिऱ्हाइकाचे डोकेच उडवले गेले. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी संसदेने त्याचा सगळा ऐवज विकायला काढला. राजाची थकलेली बिले भागवण्यासाठी चित्रे देऊ केली गेली. राजवाड्यांत नळाची आणि शिशाची कामे करणाऱ्या जॉन एम्ब्री याने आपल्या थकबाकीपोटी इटालियन चित्रे घरी नेली. निकोलस लनिअरने व्हॅन डाइकने काढलेले स्वतःचेच चित्र या विक्रीत विकत घेतले. स्पेनचा वकील आलोन्सो दे कार्देनास आपल्या राजासाठी खरेदी करत होता. मांतुआतून आलेले राफाएलचे ‘ला पेर्ला’ दोन हजार पौंडांच्या मूल्याने यादीत होते. ते माद्रिदला गेले आणि आज प्रादो संग्रहालयात आहे. तिशियनचे सम्राटही तिकडेच गेले आणि १७३४ मध्ये माद्रिदच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत जळाले. काराव्हाज्जोची मेरी आणि तिशियनचे ख्रिस्ताचे दफन ही चित्रे एव्हरहार्ड याबाख या कोलोनच्या सावकाराने घेतली. त्याच्याकडून ती चौदाव्या लुईकडे गेली, म्हणून आज ती लूव्हरमध्ये पाहायला मिळतात. मान्तेन्याची नऊ चित्रे ऑलिव्हर क्रॉमवेलने विकू दिली नाहीत. राजाचे डोके उडवणाऱ्यांच्या पुढाऱ्यालाही सीझरची विजययात्रा आपल्या ताब्यात हवी होती. ती आजही लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टमध्ये आहेत.

या सगळ्याचा हिशेब कसा मांडायचा? मांतुआचे नुकसान उघड आहे. लहान राज्याला प्रतिष्ठा देणारा ऐवज गेला, त्या बदल्यात मिळालेला पैसा युद्धाने खाल्ला. इंग्लंडला चित्रे पाहण्याची दृष्टी आली, व्हॅन डाइकसारखा चित्रकार तिशियन समोर ठेवून काम करू शकला. पण राजाच्या या उधळपट्टीने त्याच्यावरच्या रोषात भर पडली. तिसरा परिणाम दूरगामी होता. चर्चच्या वेदीसाठी किंवा राजाच्या खासगी दालनासाठी काढलेले चित्र आता हुंडीसारखे हातोहात फिरू लागले. एकाने विकावे, दुसऱ्याने जप्त करावे, तिसऱ्याने थकबाकीपोटी उचलावे, हे सगळे पंचवीस वर्षांत घडले. आजच्या कलाबाजाराची पुष्कळशी रीतभात, म्हणजे मध्यस्थ, गुप्त गिऱ्हाईक, मालकीहक्काची साखळी, या व्यवहारात पुरेपूर दिसते.

आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते. चित्रे विकली गेली नसती तर १६३० च्या लुटीत त्यांतली किती वाचली असती, सांगता येत नाही. याचे श्रेय नैसला देण्याचे मात्र कारण नाही. त्याने कला वाचवायला काहीच केले नाही. तो नफ्यासाठी धावला आणि कर्जात बुडाला. इझाबेलाच्या माणसांनी मर्जीच्या जोरावर जे जमवले ते त्याने उधारीच्या जोरावर हलवले. दोघांचे कौशल्य एकच होते: कोणाला काय हवे आहे आणि कोण किती अडलेला आहे, हे आधी ओळखणे.

मांतुआत आज दोन गोष्टी जागच्या जागी आहेत: मान्तेन्याने रंगवलेली राजकुटुंबाची खोली आणि पालाझ्झो तेमधले जुलिओ रोमानोचे राक्षस. दोन्ही भिंतींवर रंगवलेली आहेत, म्हणून उरली. जे जे उचलून नेता येत होते, ते जवळजवळ सगळे गेले.